उसनवारीवर गेलेला न्हावी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका न्हाव्याचं दुकान होतं. एक खुर्ची, एक बाक आणि भिंतीला पारा उडालेला आरसा. न्हावी सत्तरी ओलांडलेला, पण हात असा हलका, की वस्तरा फिरून गेल्यावर गाल गार लागायचा तेव्हा कळायचं, दाढी झाली. सगळी गल्ली त्याला फौजी म्हणायची. मानानं नव्हे, चिडवायला.

"काय फौजी, आज कुठला डोंगर घेतला?"

"तुझ्या डोक्याचा घेतोय. माती भरपूर, पीक नाही. खाली बघ."

फौजेत त्यानं एकोणीस वर्षं हजामती केल्या. मोठं युद्ध झालं तेव्हा अकरा महिने आपण डोंगरातल्या आघाडीवर तोफखान्याबरोबर होतो, असं तो सांगायचा. कुणाचा विश्वास बसायचा नाही. त्याच्या सेवापुस्तकात त्या वर्षासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: ठिकाण, पिछाडीचा डेपो. मोहीम, निरंक. पदक, निरंक.

गल्लीचं बोलणं तो अंगावर पडलेल्या केसांसारखं झटकून टाकायचा. बायकोचं झटकता येत नव्हतं, कारण ती त्यावर बोलतच नव्हती.

त्या युद्धाच्याच वर्षी त्यांची थोरली, चार वर्षांची पोर, तीन दिवसांच्या तापानं गेली. बायकोच्या भावानं डेपोच्या पत्त्यावर तार केली. हा घरी आला चौदा महिन्यांनी. म्हणाला, "आघाडीवर होतो. तार हिंडत हिंडत दोन महिन्यांनी हातात पडली." बाईनं मान हलवली आणि ताट वाढलं. पुढं नोकरी संपवून तो कायमचा घरी आला. एका दुपारी तिनं ट्रंकेतलं सेवापुस्तक काढून अक्षर अक्षर लावत वाचलं आणि डेपो या शब्दापाशी थांबली. डेपो म्हणजे घरापासून आगगाडीचा एक दिवस. पुस्तक तिनं होतं तसं ठेवून दिलं. मात्र तेव्हापासून घरात कुणाला ताप भरला, कुणी घसरून पडलं, की ती आधी लेकाला आणि पुढं सुनेला एकच सांगायची, "शेजारी हाक मार. ह्यांना नको. हे डेपोत असतील."

पंचवीसेक वर्षं त्यानं हे ऐकलं. एकदाही उलटून बोलला नाही. मग कुणीतरी गिऱ्हाईक दाढी करता करता बोलून गेलं, की सेवापुस्तकातली चूक दुरुस्त होते, अर्ज करावा लागतो. वस्तरा हवेतच थांबला.

अभिलेख कचेरीचा कारकून चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस. त्यानं पहिल्या दिवशीच याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काका, रोज दोन जण येतात. एकाला पदक पाहिजे असतं, दुसऱ्याला पोटातली गोळी. मागच्या महिन्यात एकाची गोळी तपासली, तर ती मुतखडा निघाली."

"माझ्या पोटात काही नाही. मी न्हावी होतो."

"तेच तर. न्हावी आघाडीवर काय करणार? शत्रूची हजामत?"

अर्ज महिन्याभरानं परत आला: 'न्हावी हे पद डेपोच्या आस्थापनेवर असल्याने मागणी मान्य करता येत नाही.' दुसराही परत आला, शब्दाला शब्द तोच. फौजीला वास आला. तिसरा अर्ज देताना त्यानं घडीच्या कडेला गोंदाचा थेंब लावून एक पांढरा केस आडवा चिकटवला. आपल्याच मिशीचा. पाच आठवड्यांनी अर्ज नामंजूर होऊन आला. केस जागच्या जागी.

तो तडक कचेरीत गेला आणि कारकुनापुढं घडी धरली. "हा केस बघा."

"मग? केसच आहे."

"माझा आहे. तुम्ही अर्ज उघडला असता तर तुटला असता. न वाचताच नामंजूर केलात."

कारकुनानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. शेजारच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. कारकून आधी लाल झाला, मग पुटपुटला, "बसा." त्यानं शिपायाला पाणी आणायला सांगितलं, अर्ज उघडला आणि पहिल्यांदाच वाचला.

"तुम्हाला तिकडं कुणी नेलं?"

"तोफखान्याचा न्हावी आजारी पडला म्हणून मला पाठवला. उसना."

"उसना!" कारकुनानं टाळूला हात लावला. "आता कळलं. उसनवारीवर गेलेला माणूस डेपोच्याच पटावर राहायचा. तुम्ही जेवायचात तिकडं, हजेरी लागायची इकडं. कागदाच्या हिशेबानं तुम्ही हललाच नाहीत. त्या तोफखान्याचे जुने गठ्ठे तळघरात आहेत, पण ते सोडवायला मला तुम्हाला तिथं पाहिलेला एक साक्षीदार लागेल. त्या पलटणीतली नावं सांगा."

"नावं कुठली सांगू? मी पाठीमागं उभा राहायचो. आघाडीवर आरसा नसतो, चमकतो म्हणून. त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही, मी त्यांचं धड पाहिलं नाही. डोकी सांगतो. लिहून घ्या."

"डोकी लिहायला आमच्याकडं नमुना नाही, काका."

पण वर्षातून एक महिना असा येतो, की जुने शिपाई हयातीचा दाखला द्यायला त्याच इमारतीत जमतात. आपण मेलो नाही हे सरकारला दाखवायला तासन् तास बाकांवर बसतात. फौजीनं तो महिनाभर दुकान दुपारनंतर बंद ठेवलं आणि बाकांच्या रांगांमागून हिंडू लागला. हात पाठीशी, नजर मानांवर. चौथ्या दिवशी दारावरच्या शिपायानं त्याची बखोटी धरली.

"चार दिवस बघतोय तुला. लोकांच्या मागं मागं काय हुंगतोस? खिसे?"

"डोकी."

"चल साहेबाकडं!"

कारकून मधे पडला म्हणून सुटला. तिसऱ्या आठवड्यात, शेवटून दुसऱ्या बाकावर, त्याला एक मान दिसली. बैलासारखी जाड, डाव्या कानामागं बोटभर शिवण, सात टाके, चौथा वाकडा. वर सपाट टक्कल. फौजी तिथंच थांबला.

"तुम्ही तोफखान्यात होता."

जाड मानेचा माणूस वळला. "होतो. तुला कुणी सांगितलं? काय विकायला आलास?"

"काही विकत नाही. कानामागचे टाके ओळखले. तुमची हजामत केलीय मी. डोंगरात."

"हे बघ, मागच्या वर्षी एक जण माझा जिवलग दोस्त म्हणून आला आणि माझीच छत्री घेऊन गेला. कानामागचं कुणालाही दिसतंय. दुसरं काही सांग."

फौजी काही सांगायच्या भानगडीत पडला नाही. तो सरळ पाठीमागं गेला, डावा पंजा त्या टकलावर ठेवला, अंगठा कानाखालच्या खळग्यात रोवला आणि मान झटक्यात पुढं दाबली.

"खाली बघ."

जाड मान खाली गेली ती तशीच राहिली. मग तिचे खांदे हलू लागले. आजूबाजूच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं. तो हसत होता.

"अरे तू 'खाली बघ'! आम्ही तुला हेच नाव ठेवलं होतं. वर गोळे पडतायत आणि हा आपला, खाली बघ, खाली बघ! मेला नाहीस अजून?"

"आत्ताच दाखला देऊन आलो. नाही मेलो."

तोफवाल्यानं तिथल्या तिथं साक्ष लिहून दिली. तारखा त्याला आठवल्या नाहीत. पण पहिली दाढी तोफेच्या पेटीवर बसून केली, साबण गोठला होता आणि न्हाव्यानं तो काखेत धरून वितळवला, हे त्यानं लिहिलं. कारकुनाला एवढं पुरलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. सुनेनं ते मोठ्यानं वाचलं: आपल्या प्रकरणी मूळ कागद सापडला आहे, ओळख पटवण्यासाठी समक्ष यावे.

खरं तर फौजीनं उड्या मारायला पाहिजे होत्या. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"मूळ कागद?" तो म्हणाला. "साक्ष दिली ना? पुन्हा कागद कशाला?"

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली आणि त्याच्याकडं पाहिलं. वर्षभर हा माणूस कागद कागद करत होता, आणि कागद सापडला तर घाबरला. तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"मी येते," ती म्हणाली.

"तू कशाला? दोन बस बदलाव्या लागतात. तुझे गुडघे…"

"गुडघे माझे आहेत. येते."

वाटेत तो दोनदा म्हणाला, पत्र विसरलो, परत जाऊ. दोन्ही वेळा तिनं पत्र आपल्या पिशवीतून काढून दाखवलं.

कारकून त्या दिवशी खुशीत होता. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, फाइल उघडली. "काका, तुम्ही जिंकलात. हा तुमच्या उसनवारीचा हुकूम. नऊ तारखेला आघाडीवर हजर. अकरा महिने. मोहीम लागू, पदक लागू. हुकमाला हा तुमच्या हातचा अर्ज जोडलाय. हस्ताक्षर तुमचंच ना, एवढं सांगा आणि इथं सही करा. दोन्ही कागद सोबत लागतात, एकावर काम होत नाही."

अर्ज म्हटल्यावर बायकोची मान वळली. कारकुनानं फाइल फौजीपुढं सरकवली. बहुधा त्यानं तो कागद आधी वाचलेला होता, कारण तो एकाएकी खणात टाचण्या शोधायला लागला.

"कसला अर्ज?" तिनं विचारलं. "तुम्हाला तर नेलं होतं ना?"

इथं त्याला सुटता आलं असतं. कागद पिवळा, शाई फिकी, तिचं वाचन हळू. 'कपड्यांचा अर्ज आहे' असं म्हणून त्यानं सही केली असती, तर फाइल पुन्हा तळघरात गेली असती आणि घरी मोहीम आणि पदक पोचलं असतं. त्यानं कागद उचलला. मग वाचू लागला, हजेरी वाचावी तसं.

"माननीय साहेबांस. काल चार तारखेस घरून तार आली, मुलगी वारली. साहेबांनी आठ दिवसांची रजा दिली, त्याबद्दल आभारी आहे. परंतु मला रजा नको. तोफखान्यास न्हावी हवा असल्याचे कळले. मला तिकडे पाठवावे, ही विनंती. तारीख पाच."

टाचण्यांची डबी कारकुनाच्या हातून सांडली. तो त्या वेचत बसला.

"तार मिळाली होती," ती म्हणाली.

"मिळाली होती."

"रजाही मिळाली होती."

"हो."

"मी दारात बसून राहिले आठ दिवस."

त्यानं कागद फाइलीत परत ठेवला.

"का नाही आलात?"

"ती गेलेली होती. तुझ्यासमोर यायची छाती झाली नाही."

"आणि गोळ्यांसमोर झाली?"

"ते सोपं होतं."

"मेला असतात तर? मग मी काय करायचं होतं?"

"तेवढा विचार नाही केला."

"कसा कराल."

फौजी कारकुनाकडं वळून म्हणाला, "साहेब, अर्ज मागं घेतो. काही दुरुस्त करू नका. होतं तेच बरं होतं."

"मागं कशाला?" बायकोचा आवाज चढला, तशी शेजारच्या टेबलावरची बाई लिहायची थांबली. "गेला होतात ना? मग गेले असं लिहू दे. साहेब, लिहा तुम्ही. अकरा महिने होते ते लिहा, पदक लिहा, आणि रजा टाकून गेले तेही लिहा."

"काकू, त्याला रकाना नाही," कारकून हळू म्हणाला.

"मोहिमेला आहे आणि त्याला नाही?"

"नाही."

"बरं. मग या अर्जाची नक्कल द्या. शिक्का मारून."

कारकुनानं फौजीकडं पाहिलं. फौजीनं मान हलवली आणि सही केली.

बाहेर बस थांब्यावर बाकावर दोघं बसली. मधे हातभर जागा. तिनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, नक्कल उलगडून मांडीवर ठेवली.

"आता सांगा. पहिल्यापासून."

"कुठून?"

"तार हातात पडली तिथून. चाळीस वर्षं तुमचं ऐकून घेतलं, आता शहानिशा करून ऐकणार."

"सकाळची वेळ होती. एका शिपायाची अर्धी दाढी झाली होती."

"मग?"

"उरलेली अर्धी केली."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांची बस आली, थांबली, निघून गेली.

"आणि हे कधी लिहिलंत?"

"दुसऱ्या दिवशी."

तिनं कागदावर बोट ठेवलं, तारखेखालून हळूहळू नेलं.

"पाच," ती म्हणाली. "बरोबर आहे. पुढं सांगा."