रुंद लेन्स लातूरला राहिली

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्या मित्रापाशी माझी सगळी लफडीकुलंगडी जमा आहेत, त्यालाही नाही. बहिणीला तर नाहीच — खरं तर तिलाच सांगायला हवं होतं, म्हणूनच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. तेवढं बरं आहे. म्हणजे बरं नाही, सोपं आहे.

मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दरवर्षी भिंगांचा धडा येतो. किती अंतरावर काय दिसेल, चौकटीत किती मावेल, हे मी पोरांना शिकवतो — आणि तो सगळा तास फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. पोरांना वाटतं, सर आकृतीत गुंगलेत.

पहिल्या पगारांतून कॅमेरा घेतला होता. मग पैसे साठवून एक रुंद लेन्स. छोट्या खोलीत उभं राहिलं तरी चारी भिंती मावतील अशी. तिचा पहिला फोटो आमच्या स्वयंपाकघराचा. आई क्लासच्या पोरांचे डबे भरत होती, मंजू — माझी धाकटी बहीण — पोळ्या मोजत होती, शेगडी, फडताळ, बाबांचा फोटो, सगळं एकात आलं. आईनं तो पडद्यावर बघितला आणि पोट धरून हसली. "आख्खं घर मावलं की रं यात!" आलेल्या-गेलेल्याला ती लेन्स दाखवायची. नाव लक्षात राहायचं नाही, म्हणून ती म्हणायची, "ते घर मावायचं भिंग."

त्या लेन्सचं झाकण मी महिनाभरातच हरवलं. बॅगेत ती तशीच उघडी पडायची आणि आई माझ्या मागं लागायची. काचेच्या वस्तूंवर तिचा फार जीव. बाबा मी दहावीत असताना गेले. त्यांचा चष्मा तिनं त्यांच्याच जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून ठेवला होता आणि तो कायम तिच्या पिशवीत असायचा. "काच उघडी ठिवू नको रं, घासती," हे मी किती वेळा ऐकलं असेल! आता ऐकावंसं वाटतं — पण ते असो. मुद्द्यावर येतो. मुद्द्यावर यायलाच नको वाटतंय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मंजूचं लग्न ठरलं. अर्धापूरला, काकांच्या दारात. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. केळीच्या बागा, गावात वजन, आणि बाबांच्या माघारी आमच्या शिक्षणाला त्यांनी हात दिलेला. कन्यादान काका-काकू करणार हे न बोलता ठरलेलं होतं. आई विधवा, तिनं विधीला बसायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही, हेही न बोलता ठरलेलं.

मंजूनं मात्र बोलून दाखवलं. बाहेरचा फोटोग्राफर नको म्हणाली. "दादा, तूच काढ. कन्यादानाला आई माझ्या शेजारी पाहिजे. हात काका लावतील, लावू दे. पण फोटोत आई पाहिजे. तू असलास की तिला कोण उठवतंय?" मी म्हणालो, "हाव, बघ तू फक्त." किती रुबाबात म्हणालो!

लग्नाच्या दोन दिवस आधी काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "फोटो जरा बघून काढ. विधीला सवाष्णच बरी असती. वहिनीला काय, नंतर स्टेजवर बसवू की." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "हो काका."

आणि तसाच उठून लेन्स भाड्यानं देणाऱ्या दुकानात गेलो.

आता नीट ऐका, कारण इथंच मी स्वतःला इतकी वर्षं फसवत आलोय. मी पंच्याऐंशी एमएमची लेन्स मागितली. लांबून चेहरा जवळ आणणारी, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळवणारी. नवरीचे डोळे, नथीचा मोती — त्यात तिला तोड नाही. दुकानदार म्हणाला, "सर, दारातलं लग्न हाय म्हणता. मांडवात मागं सरकायला जागा तरी ऱ्हाती का? ह्याच्यात तीन-चार माणसं आली की संपलं. रुंदच न्या." मी म्हणालो, रुंद आहे माझ्याकडं, ही चेहऱ्यांसाठी. तो शहाणा माणूस, त्यानं पावती फाडली.

चेहऱ्यांसाठी? मला मांडवाची लांबी-रुंदी पाठ होती. बोहल्यापासून भिंतीपर्यंत किती पावलं, हे लहानपणापासून माहीत होतं. किती अंतरावरून किती माणसं मावतील, हे शिकवून तर मी पोट भरतो. नवरा, नवरी, काका, काकू. चौघं. पाचवं माणूस येणार नाही, अशी लेन्स मी निवडून घेतली. काकांना नाही म्हणायची छाती नव्हती. मंजूला नाही म्हणायलाही तोंड नव्हतं. म्हटलं, लेन्सच नाही म्हणेल.

लग्नाच्या दिवशी आई मोरपंखी साडी नेसली होती. मंजूनं हट्टानं घेतलेली. केळीचे खुंट बांधलेल्या मांडवात, आतल्या खोलीच्या दारात ती उभी होती. कॅमेऱ्याची बॅग मी तिच्याकडंच दिली, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नव्हता. अक्षता पडल्या, भटजींनी कन्यादानाला बसवलं, आणि मंजूनं मान वळवून हाक मारली, "आई, ये इकडं." आईनं पदर सारखा केला. एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं. काकांनी माझ्याकडं बघितलं.

मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मंजू, या लेन्समध्ये चौघंच मावतात गं. मागं भिंत आहे, सरकता येत नाही. रुंद लेन्स लातूरलाच राहिली."

मंजूचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तेवढ्यात आईच बोलली. "राहू दे गं मंजू. मावत न्हाई म्हणतोय न्हवं तो." आणि टाकलेलं पाऊल तिनं मागं घेतलं. दाराशी बसली. बॅग मांडीवर घेऊन.

मी फोटो काढत राहिलो. सुंदर आले — सगळे म्हणतात. मध्येच बॅटरी संपली, तशी मी एका पोरीला पिटाळलं, आईकडून बॅगेतली दुसरी घेऊन ये म्हणून. तिनं आणून दिली. मी घातली आणि पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. माझ्या काही लक्षातसुद्धा आलं नाही.

नंतर आईला स्टेजवर बसवायची गोष्ट कुणी काढली नाही, मीही नाही. तुम्ही म्हणाल, मायलेकींचा दोघींचा फोटो तर त्या लेन्समधूनही निघाला असता. निघाला असता. पाठवणीला दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या तेव्हा मी चार हातांवर होतो. कॅमेरा खाली होता. दादा रडत होता म्हणून फोटो राहिला, असं मंजू सांगते. रडत होतो हे खरं. पण आईवर कॅमेरा रोखायची हिंमत नव्हती, हे जास्त खरं.

दुसऱ्या दिवशी लातूरला येऊन भाड्याची लेन्स परत करायला बॅग उघडली. मधल्या कप्प्यात रुंद लेन्स होती. तिथंच होती, मीच ठेवलेली, नेहमीसारखी. फक्त उघडी नव्हती. धोतराच्या मऊ तुकड्यात नीट गुंडाळून, टोकं आत खोचून ठेवलेली होती.

बॅटरी काढताना तिला दिसली असणार. मांडवात सनई चालू असताना, तिच्या पोरीचा हात दुसरं कुणी देत असताना, तिनं पिशवीतून बाबांचा चष्मा काढला, त्याचं फडकं सोडलं आणि माझ्या लेन्सला गुंडाळलं. घासू नये म्हणून.

ती त्यावर कधी एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. त्याच संध्याकाळी डबे भरताना तिनं विचारलं होतं, फोटो चांगले आले का रं? मी म्हणालो, लई चांगले. पुढं तीन वर्षं ती होती. तीन वर्षं रोज समोर. एका वाक्याला किती वेळ लागतो?

आता ती नाही. लग्नाच्या हजारावर फोटोंत तिचा एकही नाही. एका फोटोत, काकूंच्या खांद्यामागं, मोरपंखी रंगाचा एक विरघळलेला डाग आहे. उभ्या माणसाच्या उंचीचा नाही, बसलेल्या माणसाच्या उंचीचा. मी तो मोठा करून बघतो. जेवढा मोठा करावा तेवढा रंग पसरतो, चेहरा येत नाही. येणार नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तरी बघतो. आई, एकदा तरी दिस गं, असं म्हणत बघतो.

मंजू लग्नाच्या वाढदिवसाला अल्बम काढून बसते. सासरचं कुणी विचारलंच, तुमच्या आई कुठं दिसत नाहीत, तर तीच माझी बाजू घेते. दादाकडं त्या दिवशी लांबचीच लेन्स होती, म्हणते. त्याचा तरी काय दोष?

फडकं अजून त्या लेन्सवरच आहे. टोकं तिनं खोचली तशीच. मंजूला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मी तुम्हाला सांगितलं, तिला नाही — रुंद लेन्स लातूरला राहिली नव्हती. ती आईच्या मांडीवर होती.