गच्चीवरचा अँटिना आणि खालचा आवाज

उन्हं उतरली होती. मी गच्चीवर लोखंडी पाइप धरून उभा होतो आणि खाली बाहेरच्या खोलीत माझी बायको टीव्हीपुढं बसली होती. मी अँटिना फिरवायचा, तिनं खालून काय दिसतंय ते सांगायचं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. शेवटचं आहे हे माहीत नव्हतं, म्हणून आम्ही ते भांडत भांडत केलं.

"काय दिसतंय?"

"सिग्नल नाय लिहिलेला निळा डबा फिरतोय."

"आता?"

"डबाच."

"आता तरी?"

"आवं डबाच फिरतोय, किती येळा सांगू. तुम्ही अँटिना फिरवताय का जातं फिरवताय?"

शेजारच्या गच्चीवर भाबी वाळलेले कपडे काढत होती. तिची आणि आमची गच्ची लागून आहे, मधी कमरेएवढी भिंत. ती हसायला लागली. "चाचा, चाची का गला बैठ जाइंगा," म्हणली. मी म्हणलो, हिचा गळा बसला तर मी पेढे वाटीन. लगेच खालून आवाज आला, "ऐकलं मी."

हे सगळं सुरू झालं रस्ता खोदल्यामुळं. हर्सूलला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, वर स्लॅब. आमच्या गल्लीत पाण्याचा मोठा पाइप टाकायचा म्हणून यंत्र आलं आणि त्यात केबल तुटली. पाणी काही आलं नाय, केबल मात्र गेली. केबलवाला उद्या येतो म्हणला आणि त्याचा उद्या काही उगवला नाय.

टीव्ही मुलानं दिलेला. तो पुण्याला नोकरीला असतो. दिवाळीला एवढा मोठा टीव्ही घेऊन आला, भिंतीला लावला, त्याला नेट जोडून दिलं. ते हिला जमलं नाय. टीव्ही लावला की बारकी बारकी चित्रं यायची आणि त्यातलं काय बघायचं ते आपण ठरवायचं. ही म्हणायची, मला काय इचारतो, तू दाखव की.

तिला पाहिजे होत्या फक्त सातच्या बातम्या. बातम्यांचं तिला वेड होतं असं नाय. बातम्या लागल्या की ती पीठ मळायला घ्यायची आणि संपल्या की भाकरी तयार असायच्या. घड्याळाकडं ती कधी बघत नव्हती. केबल गेली तशा आमच्या भाकरी कधीही व्हायला लागल्या. एकदा पाचलाच जेवलो आणि नंतर भूक लागली म्हणून दोघं शेंगदाणे खात बसलो.

मग चौकातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणला, काका, आता हवेतून येतं ते बी डिजिटल झालंय. तुमच्या टीव्हीत त्याचा ट्यूनर आतच आहे, वेगळा सेट-टॉप बॉक्स घ्यायला नको. सरकारी चार-पाच चॅनल फुकट दिसतील, फक्त वर अँटिना पाहिजे आणि त्याचं तोंड बरोबर पाहिजे. त्यानं एक अँटिना दिला, बारक्या बारक्या काड्यांचा, मासा खाऊन काटा उरतो तसा. पाइप आमच्याकडं होताच. काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या काळात मी गच्चीवर रोवला होता तो तसाच उभा होता. तोंड कुठं करायचं हे बी माहीत होतं, म्हैसमाळच्या डोंगरावरच्या टॉवरकडं. डोंगर इथनं दिसत नाय, पण तो वेरूळच्या अंगाला आहे आणि वेरूळकडं जाणारी वाट कुठं आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं.

तरी जमंना. मी चौथी शिकलो आणि जन्मभर मोंढ्यात पोती उचलली. मला अँटिना एकच माहीत, जुना. जुन्या टीव्हीत मुंग्या यायच्या. फिरवत गेलं की मुंग्या कमी व्हायच्या, त्यावरनं कळायचं आपण बरोबर चाललोय. या नव्याला अधलंमधलं नाय. एक तर काचेसारखं लख्ख, नायतर निळा डबा. आणि तोंड बरोबर झालं तरी चित्र लगेच येत नाय. टीव्ही आतल्या आत काहीतरी जुळवत बसतो, मग दाखवतो. मी आपला फिरवतच होतो. खालनं ती "आलं" म्हणायची तोवर माझा हात पुढं गेलेला असायचा, आणि ती लगेच म्हणायची, "गेलं."

असं चार-पाच वेळा झाल्यावर ती जिन्यात आली. वर चढली नाय, गुडघे दुखायचे तिचे. खालच्या पायरीवरनंच म्हणली, "तुम्ही लई घाई करता. जरासं फिरवा आणि हात काढा. उगं उभं राहा. लांबनं येतंय ते, येऊ द्या."

"तुला कसं कळलं?"

"मी बसलीय ना त्याच्यापुढं. तुम्हाला वरनं काय दिसतंय, कबुतरं?"

ती परत आत गेली. मी जरासं फिरवलं, हात काढला, उभा राहिलो. खालनं ती म्हणायची, "थांबा. लांबनं येतंय ते, येऊ द्या," आणि मग सांगायची, "नाय. फिरवा." परत जरासं. परत तेच. मला राग येत होता, पण मी ऐकलं. आणि एकदा ती बोलता बोलता मधीच थांबली आणि अगदी हळू म्हणली, "आलं." मी म्हणलो, काय? "आलं म्हणते ना. हलू नका."

मी नट पिळायला घेतला तर तो नुसताच फिरायला लागला. जुना नट, आटे गेलेले. अँटिना होता तिथं थांबला खरा, पण ढिल्ला. खाली आल्यावर तिनं विचारलं, घट्ट झाला का? मी खरं सांगितलं. ती म्हणली, तार बांधा त्याला, वारा आला की फिरंल. मी म्हणलो, आता अंधार पडतोय, उद्या बांधतो.

"उद्या नक्की."

"नक्की."

तिनं पलंगाखालनं बांधकामाच्या तारेचं वेटोळं काढलं आणि जिन्याच्या वरच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं, म्हणजे मला दिसंल. गुडघे दुखत होते तरी तेवढ्यासाठी वर चढली. मग सातच्या बातम्या लागल्या. तिनं परात घेतली आणि टीव्हीपुढंच पीठ मळलं. चित्र इतकं लख्ख होतं की ती म्हणली, ह्या बाईच्या कानातलं बी दिसतंय. बातम्या काय होत्या ते मला आठवत नाय. भाकरी बरोबर त्या संपता संपता झाल्या.

ती झोपली आणि सकाळी उठली नाय. डॉक्टर म्हणला, झोपेतच गेली, त्रास झाला नसंल. त्याला काय माहीत. पण ऐकून बरं वाटलं.

लोक भेटायला आले की म्हणायचे, देवमाणूस होती. देवमाणूस बिवमाणूस नव्हती. तोंडानं तिखट होती आणि कुणाचं ऐकून घेत नव्हती. मला तशीच पाहिजे होती. हे मी कुणाला बोललो नाय, आता लिहितो.

सुतक होतं म्हणून टीव्ही लावायचा नव्हता. सुनेनं त्याच्यावर टॉवेल टाकला. घरात पाहुणे मावत नव्हते. दहाव्याला आम्ही पैठणला गेलो, गोदावरीवर. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. कावळा शिवायला कधी कधी लई वेळ लागतो, मग माणसं हात जोडून एकेक कबूल करत बसतात, की तुझं हे राहिलं असंल तर मी करीन. आमच्या वेळेला तसं काही करावंच लागलं नाय. पिंड ठेवला नाय तोच कावळा आला आणि शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. तिची बहीण डोळे पुसत म्हणली, "दाजी, तृप्त होऊन गेली बघा. काही राहिलं नव्हतं तिचं."

तारेचं राहिलं होतं. कावळ्याला काय माहीत तारेचं.

तेरावं झालं आणि पाहुणे निघाले. गोधड्या, सतरंज्या, चादरी, सगळं धुऊन काढलं. हे काम मेहुणीनं अंगावर घेतलं, तिच्या बहिणीसारखीच ती, कुणाला विचारायची नाय. दुपारी मी वर गेलो तर तिनं माझ्या अँटिनाच्या पाइपापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर ओल्या गोधड्या. पाइप वाकलेला, आणि अँटिना फिरून तिसरीकडंच, हर्सूलच्या तलावाकडं बघत होता.

"ताई, हे काय केलं?"

"का, गोधड्या वाळायला नकोत?"

"अँटिना फिरला की."

"मग फिरवा परत. त्यात काय."

तिचं चुकलं असं मी म्हणत नाय. पाइप दिसला की बाईमाणूस दोरी बांधणारच. ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. सून सकाळीच माहेरी गेली होती. मुलगा आणि मी राहिलो. सुतक फिटलं म्हणून मुलानं टीव्हीवरचा टॉवेल काढला आणि लावला. निळा डबा.

"जाऊ द्या आबा," तो म्हणला. "उद्या माझ्याबरोबर चला पुण्याला. तिथं सगळं आहे."

हे तो दोन दिवस म्हणतच होता. मी व्हय बी म्हणलो नव्हतो आणि नाय बी. माझी बॅग त्यानं भरून गाडीत ठेवलीच होती. त्याचं घर सातव्या मजल्यावर आहे. चांगलं आहे. मी एकदा राहून आलोय. तिथं मला काही काम नसतं आणि ते सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, दवाखान्यात बोलतात तसं.

मी म्हणलो, "मी इथंच राहतो."

"एकटे?"

"एकटा."

"आबा, राग नका मानू. पण एकटे म्हणजे कसे? साधा टीव्ही लावायचा तर तुम्हाला खालून ओरडायला एक माणूस लागतं."

खरं बोलला. मला राग आला तो त्याच्यामुळंच. मी म्हणलो, "सकाळी बघ. लागला तर मी राहतो."

"आणि नाय लागला तर?"

"तर बसतो तुझ्या गाडीत."

तो जरा हसला. मला वाटतं त्याला ते बरं वाटलं. त्याला वाटलं ठरलं.

सकाळी तो अजून झोपलेला होता. मी टीव्ही लावला. निळा डबा. आवाजाचं बटण दाबून दाबून पार शेवटाला नेलं. खालून सांगायला कुणी नव्हतं, पण चित्र आलं की आवाज बी येणार, आणि तो वरपर्यंत आला पाहिजे. मग वर गेलो. दोरी सोडली. पाइप ओढून सरळ केला, तेवढं अजून खांद्यात आहे. अँटिना वेरूळच्या वाटेकडं केला आणि हळूहळू फिरवायला लागलो.

काही नाय. इकडं फिरवला, तिकडं फिरवला, काही नाय. खाली टीव्ही मुका. घाम आला. बॅग गाडीत आहे हे मधी मधी डोक्यात यायचं. पार डोंगर सोडून पलीकडं गेलो आणि मग लक्षात आलं की मी परत तेच करतोय. जातं फिरवतोय.

परत पहिल्या जागेला आणला. जरासा फिरवला आणि हात काढला. किती थांबायचं ते कळंना. ती होती तेव्हा ती बोलायची तेवढा वेळ जायचा. म्हणून मी मोठ्यानं म्हणलो, "थांबा. लांबनं येतंय ते, येऊ द्या." तेवढा वेळ गेला. काही नाय. जरासा फिरवला. "थांबा. लांबनं येतंय ते, येऊ द्या." परत जरासा.

भाबी कबुतरांना दाणे टाकायला वर आली होती. ती भिंतीपलीकडनं बघत राहिली. मी म्हणलो, "अँटिना लगारा, भाबी. अभी जोर से आवाज आइंगा, बुरा नक्को मानो."

ती म्हणली, "आने देव चाचा." आणि मग म्हणली, "उस दिन बी लगारे थे ना तुम दोनों."

"हौ."

ती दाणे टाकून तिथंच थांबली. मी जरासा फिरवला, हात काढला, म्हणलो, "थांबा. लांबनं येतंय ते..." आणि पुढचं तोंडातच राहिलं. खालनं एक माणूस एवढ्या मोठ्यानं बोलायला लागला की कबुतरं उडाली. कांद्यावरच्या करप्याबद्दल बोलत होता. पातीवर आधी ठिपके कसे पडतात, मग ते कसे पसरतात. मी पाइपाला हात लावला नाय, हललो नाय. कांदा मी आयुष्यात लावला नाय, नुसता उचललाय. तरी उभं राहून त्या माणसाचा सगळा करपा ऐकला.

मग कोनाड्यातनं तार काढली. तिनं ठेवली तिथंच होती. अँटिनाच्या दांड्याला आणि पाइपाला मिळून वेढे घातले, पकडीनं पीळ दिला आणि पकड खाली ठेवली. हलवून बघितलं. हलत नव्हतं. तरी एका पिळानं काय होतंय.

मुलगा जिन्यातनं डोळे चोळत वर आला. केस उभे, अंगात बनियन. त्यानं अँटिनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. खाली करपा चालूच होता.

"तुमची बॅग काढतो गाडीतनं," तो म्हणला.

मी म्हणलो, "आधी ती पकड दे."

त्यानं पकड दिली. मी दुसरा पीळ दिला.