मालतीचं लग्न कोणाशी लावायचं?

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते घरात साठत जातात, आणि एक दिवस फडताळ उघडलं की सगळे अंगावर येतात. माझ्या फडताळातले निम्मे किस्से मुलुंडच्या आमच्या हस्तलिखित मासिकाचे आहेत. पन्नास सालानंतर चार-पाच वर्षं आम्ही ते चालवलं. महिन्याला प्रत एकच निघायची. माझं अक्षर बरं, म्हणून सगळा मजकूर मी उतरवून काढायची. वासू मुखपृष्ठ रंगवायचा. आणि कुमुद प्रधान, म्हणजे माझी शेजारीण आणि आमच्यातली सगळ्यांत हुशार मुलगी, कादंबरी लिहायची. तीसुद्धा क्रमशः!

ही एक प्रत गल्लीतल्या वीस घरांतून फिरायची. शेवटची चार पानं कोरी ठेवलेली असत. वाचून झालं की ज्याने त्याने तिथे अभिप्राय लिहायचा. लोक मासिक मागून पुढे वाचत, ते त्या चार पानांसाठी.

*

कादंबरीची नायिका मालती. वर्गात कायम पहिली येणार आणि दर वेळी 'चुकून आले' म्हणणार. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी ती बी.ए.च्या परीक्षेला बसते, पेपर वाचते आणि उठून घरी निघून येते.

अभिप्रायाच्या पानावर निवृत्त पोस्टमास्तर आप्पांनी लिहिलं, 'मुलगी उठून गेली तेव्हा सुपरवायझर काय करीत होता?'

खाली कर्णिककाकूंनी लिहिलं, 'अशा मुलीचे लग्न वेळेवर करावे.'

त्याच्याखाली वासूची एक ओळ होती. 'मुलगी उठली हे पटले. का उठली ते लेखिका लपवते आहे.'

कुमुद दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. कारण मालती का उठली ते कुमुदला चांगलं ठाऊक होतं, आणि मलाही.

*

आदल्या मार्चमध्ये कुमुद स्वतःच अशी उठून आली होती. गणित घेऊन बी.ए., पहिलाच पेपर, आणि अर्ध्या तासात बाहेर! दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले तर ही शेंगा सोलत बसलेली.

"अगं, झालं काय? अवघड होता?"

"सोपा होता गं! सगळंच येत होतं. बी.ए.चा पेपर मला इतका सोपा वाटतो, म्हणजे मला प्रश्नच कळलेला नसणार ना?"

मग शेंगा सोलता सोलता तिने सबंध पेपर तोंडी सोडवून दाखवला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ती एकदाही अडखळली नाही. मला त्या दिवशी तिचा भयंकर राग आला होता. आमच्यासारख्यांनी रात्रंदिवस घोकून सेकंड क्लास काढायचा, आणि हिने शेंगा सोलत परीक्षा वाया घालवायची!

*

तिसरा अंक फिरून आला आणि कर्णिककाकू माझ्याकडे आल्या. पदराआड एक पत्रिका होती.

"माझा भाचा. फर्स्ट क्लास एम.ए. आहे, कॉलेजात इतिहास शिकवतो. त्या मालतीची पत्रिका मिळेल का गं?"

मी हसू दाबून म्हटलं, "काकू, मालती नाहीच हो कुठे. कादंबरीतली आहे ती."

"ते कळतं मला," काकू म्हणाल्या. "जिच्यावरून लिहिलंय तिची दे!"

*

भाचा कुमुदला बघायला आला. मी पोह्यांच्या बशा द्यायला आत-बाहेर करत होते, म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं.

"गणित घेतलंय म्हणे. मग सांगा, शून्याला शून्याने भागलं तर काय येतं?"

"भागता येत नाही," कुमुद म्हणाली.

तो मोठ्याने हसला. "एक येतं! कुठल्याही संख्येला त्याच संख्येने भागलं की एक."

कुमुदने मान खाली घातली. "हो का? माझं चुकलं असेल."

ते लोक गेल्यावर तिने मला विचारलं, "त्यांचं चुकलं हे कळलं ना तुला?"

"मला कुठून कळणार! तुला कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"ते फर्स्ट क्लास आहेत गं!"

चार दिवसांनी होकार आला. मुलगी हुशार असून नम्र आहे, वैशाखात उरकून टाकू. फक्त मुलीने आता परीक्षेची दगदग करू नये, एका घरात एक पदवीधर पुरे.

*

वासूबद्दल सांगायचं राहिलं. तो विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्रांचे नकाशे काढायचा. इंटरला दोनदा नापास झालेला, आणि ते कोणालाही विचारलं नसताना सांगायचा.

कुमुदने त्याला एकदा विचारलं, "तुला लाज नाही वाटली रे?"

"वाटली की. दोन दिवस वाटली. तिसऱ्या दिवशी भूक लागली."

कुमुद आपल्या गणिताच्या वह्या त्याच्याकडे द्यायची. कारखान्यात एकाने काढलेला नकाशा दुसऱ्याने तपासायचा आणि बरोबर असलेल्या प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने छोटी खूण करायची, अशी रीत होती. वासू तिच्या वहीवर तशाच खुणा करून आणायचा.

"तुला यातलं कळतं तरी का?"

"शष्प नाही. पण तू कुठे खाडाखोड केली नाहीस, एवढं तपासलं."

मालतीच्या मागे आता कादंबरीत दोघंजण होते. एक प्राध्यापक आणि एक कंपाउंडर. गल्ली प्राध्यापकाच्या बाजूने होती. एकटे आप्पा कंपाउंडरच्या बाजूने, कारण घरात औषधांची सोय होते!

*

मार्च जवळ आला तशी कुमुदची झोप उडाली. एकदा ती वासूला म्हणाली, "पास झाले तर लोक म्हणणार, बायको शिकलेली आणि नवरा कमी शिकलेला, कसं जमायचं? नापास झाले तर निदान बरोबरी तरी होईल."

कोणाचा नवरा, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

वासू भडकला. त्याला भडकलेला मी तेवढाच एकदा पाहिला. "हे बघ, माझ्या नापासात वाटा मागू नकोस. ते मी स्वतःच्या मेहनतीने मिळवलंय!"

शेवटी कुमुदच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, निकाल दिला. "पेपर पुरा दिलास तर मी कर्णिकांना नकार कळवतो. अर्धवट उठून आलीस तर वैशाखात अक्षता."

कुमुदने कादंबरीचं शेवटचं प्रकरण मला दिलंच नाही. तो अंक चार पानांनी बारीक निघाला.

*

पेपरच्या दिवशी मी आणि वासू तिच्याबरोबर फोर्टात गेलो. वासूने रजा काढली होती. अकरा वाजता ती हॉलमध्ये गेली. बाहेर व्हरांड्यात पाण्याचा माठ होता आणि माठाशेजारी शिपाई. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो.

पाऊण तासाने कुमुद पाणी प्यायला बाहेर आली. चेहरा पांढराफटक, हातात पाण्याचं भांडं.

"पहिले तिन्ही प्रश्न आले रे," ती रडवेली होऊन म्हणाली. "म्हणजे नक्की काहीतरी चुकतंय. मी घरी येते."

मी गयावया करायला तोंड उघडलं, तेवढ्यात वासूने माझा दंड धरला आणि तिची पिशवी उचलली.

"चल. सव्वाबाराची गाडी मिळेल."

कुमुद जागची हलली नाही. "थांब म्हणणार नाहीस?"

"मी इंटर नापास माणूस. मी काय सांगणार? तुला येत नाही असं तू म्हणतेस, तर नसेल येत."

"नसेल येत?" कुमुदचा आवाज चढला. "तिन्ही प्रश्न सोडवून आलेय मी! पडताळा घेऊन!"

"चुकले असतील."

"काय चुकलंय? दाखव ना! तुला काय कळतं रे त्यातलं?"

शिपाई म्हणाला, "बाई, आवाज नको." कुमुदने भांडं माठावर आपटलं आणि तरातरा आत निघून गेली.

वासू पायरीवर बसला. कपाळावर घाम आला होता. पिशवी त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बारा वाजले, साडेबारा वाजले. हॉलच्या दारातून कोणी आलं की तो अर्धवट उठायचा आणि पुन्हा बसायचा.

शिपायाला राहवलं नाही. त्याने विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण?"

वासू दारावरची नजर न काढता म्हणाला, "दोन वाजता पेपर सुटतो ना? तेव्हा सांगतो."