रंगारीकाकांचा अर्ज

शेलूबाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या रंगारीकाकांनी उभ्या जन्मात एकाही गिऱ्हाइकाला त्याने मागितलेला रंग दिला नाही. कोणी पागोटं किंवा लुगडं घेऊन आलं की काका डोळे अर्धवट मिटून त्याच्या तोंडाकडे बघत बसत, जणू तिथेच डुलकी लागली आहे. मग "परवा या" एवढंच म्हणत. परवा मिळायचा तो काकांना त्या माणसात दिसलेला रंग. पाटलांनी एकदा लालभडक पागोटं सांगितलं आणि हातात मोरपंखी आलं. पाटील भडकले. काका त्यांच्या डोळ्यांकडे बघत शांतपणे म्हणाले, "पाटील, लाल तुमच्या डोयात अगोदरच लय हाय. डोक्यावर अजून कायले?" पाटील तणतणत गेले आणि पुढच्या बाजाराला तेच पागोटं बांधून आले. माणसांची नावं काकांच्या लक्षात राहत नसत. शाळेत शिकवणारा मी त्यांच्या लेखी 'राखाडी मास्तर', आणि माझी बायको 'कवळं पान'. रस्त्याने जाता जाता ते मध्येच थांबत, एखाद्या भिंतीवर उतरलेलं ऊन बघत राहत, आणि मागून येणारी बैलगाडी मुकाट त्यांना वळसा घालून जाई.

मग गाठीच्या तापाचं साल आलं. घरांतून उंदीर मरून पडू लागले तसं सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेलं. एका सकाळी कोतवालाने दवंडी दिली: धान्य, मीठ-तेल, औषध, जळण आणि पांढरं कापड, एवढीच दुकानं उघडतील, बाकीच्यांनी कुलूप लावावं. पांढरं कापड कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. काकांनी दवंडी पुरी होऊ दिली आणि विचारलं, "माहं नाव राह्यलं काय रे?"

"नाही काका. रंग बंद."

काका तडक माझ्या झोपडीपाशी आले. "मास्तर, अर्ज लिहा. पांढरं चालू अन् रंग बंद, हे काहून, एवढंच इचारा." अर्ज काळ्या शाईत लिहायला त्यांची हरकत होती. शेवटी निळ्यावर तडजोड झाली. तो घेऊन आम्ही दोघं पायी मंगरूळला गेलो. तहसीलदार गावाबाहेर लिंबाखाली टेबल मांडून बसले होते. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "रंगावाचून कुणी मेलं आहे का?"

काकांनी प्रामाणिकपणे पुष्कळ वेळ विचार केला. "मेलं तं नाही, साहेब. पण सकायी उठून पाहावं काय, हे माळावरच्या लोकाईले समजून नाही राह्यलं."

तहसीलदार म्हणाले, "दुकान म्हटलं की गर्दी आली, आणि गर्दीबरोबर रोग. मला परवानगी देता येणार नाही."

"गर्दी व्हते, हे खरं हाय," काका म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही झाडाकडे मान वर करून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोला ताप भरला. काखेत गाठ आली. तुराट्यांच्या कुडाच्या भिंतीकडे तोंड करून ती पडून राही. औषध कसंबसं घेई, पेजेला हात लावत नसे. काका लांबूनच म्हणाले, "मास्तर, पेटीतलं तिचं एखांदं लुगडं द्या."

"काका, दुकान बंद आहे ना?"

"दुकान बंद हाय. मी थोडाच बंद हाय?"

नाल्याकाठी त्यांनी चूल मांडली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारासमोरच्या दोन बाभळींमध्ये ते लुगडं वाऱ्यावर हलू लागलं. रंग आंब्याच्या नव्या पालवीचा, धड हिरवाही नाही, धड तांबूसही नाही. आतून हालचाल ऐकू आली. बायकोने कूस बदलली होती. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. ऊन कलल्यावर तिने विचारलं, "वाळलं का ते?" आणि पेजेचे दोन घोट घेतले.

कोतवाल चौकशीला आला. "काका, दुकान तं नाही ना मांडलं?"

"नाही बापा. वाळवून राह्यलो."

दुसऱ्या सकाळी कोतवालाचं स्वतःचं पागोटं बाभळीवर होतं, अर्थात त्याने न मागितलेल्या रंगाचं. आठवडाभरात दोन्ही झाडं ओळखू येईनात. माळावर गेलेले सगळेच घरी परतले नाहीत. माझी बायको परतली. वैद्य म्हणाले, औषधाचा गुण. मी वाद घातला नाही.

पुढे गिरणीची रंगीत लुगडी बाजारात आली आणि काकांच्या दुकानाला आपोआपच कुलूप लागलं. त्यासाठी दवंडी द्यावी लागली नाही. ते इंझोरीला लेकीकडे जाऊन राहिले. एका हिवाळ्यात मी भेटायला गेलो, तेव्हा ते जवसाच्या शेताच्या बांधावर बसले होते. जवस फुलला होता. निळं धुकं जमिनीला टेकावं तसा. मी शेजारी बसलो. आपण कोण, हे मला सांगावं लागलं नाही, पण नाव त्यांना आताही आठवलं नसावं.

"हा निया मले कवाच नाही साधला, मास्तर," ते म्हणाले. "दुपारलोक फूल गयून पडते. बसा, अजून येळ हाय."