राणीचा नवरा आणि टँकरचं पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण त्या दुष्काळात आमच्या गल्लीला पाणी टँकरचंच. टँकरची वाट बघत बायका ओट्यावर बसायच्या आणि मी त्यांना एका जादूच्या राज्याच्या कादंबऱ्या वाचून दाखवायचे. राणीनं लग्न सेनापतीशी करावं की जादूगाराशी, यावरून गल्ली उभी फुटली होती. घागरींच्याही दोन रांगा झाल्या. त्या दिवशीच्या वाचनात ज्याची सरशी होईल, त्याची रांग आधी भरायची, असा आमचा कायदा. मी सेनापतीकडची, आणि कट्टर!

शेवटचा भाग नांदेडहून आला. राणीनं सेनापतीला माळ घातली. मी आनंदानं ओरडलेच. जादूगाराकडच्या बायकांनी भराभर घागरी उचलून आमच्या रांगेत आणल्या. समोरच्या मावशी तेवढ्या हलल्या नाहीत.

"मावशी, पुस्तकातच तसं लिहिलंय," मी म्हणाले.

"लिहिणाऱ्याला काय कळतंय? जखमी राणीला पाठीवर घेऊन डोंगर कोण उतरलं? तिचा जीव त्याच्यावरच हाय."

टँकर आला आणि आमची रांग भरता भरताच रिकामा झाला. मावशींनी कोरडी घागर कमरेवर घेतली आणि जिंकलेल्या माणसासारख्या घरी गेल्या. घोटभर पाण्यावरून भांडणं व्हायची अशा त्या उन्हाळ्यात, एका कागदावरच्या जादूगारासाठी कुणी घागर कोरडी नेतं, हे मी डोळे फाडून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशींची घागर कालच्याच जागी एकटी उभी होती. मी माझी तिच्यामागे नेऊन ठेवली.