टेन्शनर बदललाच नव्हता

टेमघरला सत्तारभाईंचं गॅरेज आहे. पाटी नाही, रंग नाही. पण भिवंडीत कुणालाही विचारा, बरोबर तिथे आणून सोडेल. त्यांचा लौकिक एकाच गोष्टीचा: जो पार्ट चांगला आहे, तो बदलायचा नाही. मेकॅनिकनं असं वागणं म्हणजे हलवायानं गिऱ्हाइकाला गोड कमी खा म्हणून सांगणं. त्यामुळे भाईंचं नाव वाढत गेलं आणि गॅरेज मात्र होतं तेवढंच राहिलं.

मागच्या वर्षी केसरीनाथशेठ आपली मोठी गाडी घेऊन आले. गोदामांना जमीन दिल्यापासून शेठ पायी चालायचं विसरले होते, आणि गाडीच्या इंजिनातून किरकिर येत होती.

भाईंनी कव्हर उघडलं. इंजिनात टायमिंग बेल्ट असतो आणि त्याला ताणून धरायला टेन्शनर. हा ढिला पडला की बेल्ट दात सोडतो आणि इंजिनाचा निकाल लागतो. भाईंनी बेल्टच्या चाकांवरच्या खुणा जुळवून टेन्शनर सोडवला, वाइसच्या पकडीत धरून त्याचा दांडा हळूहळू आत दाबला आणि पिन घालून अडकवला. इथे घाई केली तर आतलं सील फुटतं आणि तेल गळतं. सील कोरडं ठणठणीत होतं. त्याची पुली कानाशी धरून फिरवली, तिचाही आवाज नाही. शेठची गाडी रोज कापड विणणाऱ्या लूमच्या शेडला चिकटून उभी असे. तिथली सुताची लव आत शिरून पुलीभोवती गुंडाळली होती, तीच किरकिरत होती. भाईंनी सगळं साफ करून परत बसवलं, पिन ओढली, पान्यानं इंजिन दोन फेरे हातानं फिरवून खुणा पुन्हा तपासल्या. गाडी सुरू केली तर आवाज गायब.

"जुना पार्ट कुठं हाय?" शेठनी हात पुढे केला.

आमच्याकडे काम झाल्याचा पुरावा म्हणजे काढलेला जुना पार्ट. तो पिशवीत घालून घरी न्यायचा, बायकोला दाखवायचा, मगच गाडी दुरुस्त झाली.

"बदललाच नाही शेठ. चांगला होता. साफ करून लावला."

"म्हंजे कायच केला न्हाय? सत्तारभाय, तू पन तसलाच निघालास?"

सव्वीस वर्षं खरं बोलून हे बक्षीस! भाईंना इतकं लागलं की हातातला पाना खाली पडला. मागच्या खोलीतून चहा घेऊन आलेली त्यांची बायको सईदा कानाशी पुटपुटली, "डबा भरलाय जुन्या पार्टांनी. द्या एक, त्यांचा जीव तरी थंड होईल."

भाईंनी दुसऱ्याच कुठल्या गाडीचा झिजलेला टेन्शनर काढून शेठच्या हातावर ठेवला. "मस्करी केली शेठ. हा घ्या." पैसे त्यांनी फक्त मजुरीचे घेतले, पार्टचे न घेणं ही घरच्या माणसाला दिलेली सूट असं शेठनी मानलं आणि गावभर भाईंच्या इमानदारीचे गोडवे गायले.

वर्ष उलटलं. सहकुटुंब वज्रेश्वरीला जायचं म्हणून शेठ गाडी दाखवायला आले. भाईंनी कव्हर काढलं तर टेन्शनरखाली तेलाचा ओघळ. आता सील खरंच गेलं होतं.

"शेठ, टेन्शनर बदलावा लागेल."

"आरं, मागल्या साली तर बदललास!" शेठ भडकले. "म्हंजे त्या ओसामानं तुला डुप्लिकेट माल दिला. बघतोच त्याला!"

ओसामाचं पार्टचं दुकान पलीकडच्याच गल्लीत. भाई सगळा माल त्याच्याकडूनच घेत, हे सगळ्यांना ठाऊक. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाताना पाहून भाईंना घाम फुटला. "शेठ, अल्लाची कसम, मी बदललाच नव्हता. तुम्हाला दिला तो दुसऱ्या गाडीचा होता. खोटं मी बोललो."

शेठचे डोळे पाणावले. "दुसऱ्याचा पाप आंगावर घेतोस? तुज्यासारका मानूस भिवंडीत न्हाय रं!"

आणि हेच ते चहाच्या टपरीवर बोलले, अंबाडी गावात बोलले, लग्नाच्या मांडवात बोलले. भाई ज्याला त्याला गाठून खरं सांगत सुटले. लोक ऐकायचे, मान डोलवायचे, म्हणायचे, "बघा, अजून झाकतोय बिचारा."

शेवटी भाई ओसामाच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, आत एकही गिऱ्हाईक नव्हतं.

"बेटा, माझी चूक आहे. तू मला तो माल दिलाच नव्हतास, हे मी सगळ्यांना सांगतोय."

"माहीत आहे चाचा," ओसामा थकल्या आवाजात म्हणाला. "पण आता सांगणं बंद करा. तुम्ही जितकं सांगता, तितकी माझी गिऱ्हाइकं तुटतात."