दारात वाजवलेला जिरबा

उत्तमराव गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. वर नृत्यस्पर्धेला येणाऱ्यांनी गाड्या कुठे लावायच्या याची सूचना होती, खाली कुणाच्या तरी घरच्या चकल्यांची जाहिरात, आणि मधे एकच वाक्य : 'आपले वाजंत्री उत्तमजी यांचे दुःखद निधन.' पंधरा मिनिटांत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यातल्या निम्म्या लोकांना उत्तमरावांचं आडनाव सांगता आलं नसतं. फोटोही आमच्या गणपतीतलाच होता, पण त्यांच्या काखेतलं वाद्य कापून टाकलेलं, चौकटीत बसत नव्हतं म्हणून. उरला होता गाल फुगवलेला एक माणूस. हे ज्याने केलं त्याची मला किळस आली, पण तसं म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. मीही इथे बहारीनमध्ये, रिफातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून दोन हात जोडून टाकले आणि भाजी घ्यायला आत गेलो... या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

उत्तम सोनकांबळे लातूरकडचे. एसी दुरुस्तीच्या कामावर वीसेक वर्षांपूर्वी बहारीनला आले, सनाबिसमध्ये तिघांच्या खोलीत राहिले आणि तिथेच एका सकाळी ड्युटीला निघताना बूट घालता घालता गेले. त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट मात्र अरादला घडली. तिथल्या एका जुन्या घरात ते एसी बघायला गेले होते. आतल्या खोलीतून सनईसारखा, पण सनईहून रांगडा सूर येत होता आणि तो मधे कुठेही तुटत नव्हता. "मी स्टुलावरच उभा राहिलो, साहेब, पाना हातात घेऊन," ते सांगायचे. "घरमालक बाहेर आला. हाजी. म्हणाला, यल्ला, काम करो. मी म्हटलं, काम होएगा, पहले बोलो ये क्या चीज है."

ती चीज म्हणजे जिरबा. शेळीचं पोट न फाडता काढलेलं अखंड कातडं कमावून त्याची पिशवी करतात. एका पायाच्या जागी फुंकायची नळी, दुसरीकडे बोरूच्या दोन जोडनळ्या. पिशवी काखेत दाबत राहिलं की वाजवणारा श्वास घेत असतानाही सूर चालू राहतो. हाजींचे आजोबा समोरच्या इराणच्या किनाऱ्यावरून होडीने इथे आले ते हे वाद्य घेऊनच. त्यांच्या लोकांच्या लग्नांत ते वाजायचं. हाजींच्या दोन्ही मुलांना कातड्याचा वास नको होता, त्यांना चांगल्या नोकऱ्या होत्या. मग दर शुक्रवारी लातूरचा मेकॅनिक अरादला जाऊ लागला. हाजी आल्यागेल्याला सांगायचे, "बेटा इंजिनियर, शागिर्द मेकॅनिक. खलास." अशी बरीच वर्षं गेली. हाजी गेले तेव्हा त्यांच्या पद्धतीने कातडं कमावणारा आणि सूर निघतो ती बोरूची जीभ कापणारा उत्तमरावांच्या माहितीत दुसरा कोणी उरला नव्हता. ते सगळं आता एका परक्या माणसाच्या हातात होतं, आणि त्या माणसाचा व्हिसा दर दोन वर्षांनी संपत होता.

मी त्या वेळी मंडळाचा सांस्कृतिक सचिव होतो. हॉलचा एसी बिघडला म्हणून उत्तमराव आले, काम झाल्यावर हात पुसत माझ्यापाशी उभे राहिले. त्यांना एकच गोष्ट हवी होती. शुक्रवारी दुपारी हॉलमागची खोली रिकामी असते, ती दोन तास मिळावी. "दोन माणसं द्या, पाटणकर साहेब. एक टिकला तरी बास." मी सहज विचारलं, तुमच्या घरात आधीपासून वाजवतात का? ते सांगू लागले. त्यांच्या आजोबांकडे गावची हलगी होती. कुणाचं लग्न असो की मढं, बोलावणं आलं की दारात उभं राहून वाजवायचं आणि दारातच वाढतील ते फडक्यात बांधून घ्यायचं. बाबासाहेबांच्या मागे जायचं ठरलं त्या वर्षी आजोबांनी हलगी आडात टाकली आणि घरात शपथ घातली की आपल्यातलं कुणी परत कुणाच्या दारात वाजवणार नाही. "मग हे कसं?" मी विचारलं. "हे वाजवायला मला कुणी सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणून तर वाजवतो."

मी विषय समितीपुढे ठेवला. आमची समिती म्हणजे मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं. त्यांची मुलं त्यांना इंग्रजीत उत्तरं देतात आणि ते स्टेजवर मराठी टिकवतात. लावणी पेनड्राइव्हवर, पोवाडा पेनड्राइव्हवर, तुतारीसुद्धा पेनड्राइव्हवर. अध्यक्ष म्हणाले, "आपलं सोडून हे अरबी खूळ कशाला?" कुणी म्हणालं, वास येईल. कुणी म्हणालं, आपण त्याच हॉलमध्ये पूजा करतो, तिथे बकऱ्याचं कातडं बरं दिसत नाही. मी हे उत्तमरावांना सांगितलं तेव्हा ते हसले. "मग ढोलकीला काय काकडीची साल लावतात का?" मीही हसलो. समितीत मात्र हे वाक्य मी बोललो नाही. ढोलकी समितीने दुकानातून आणलेली होती, जिरब्याचं कातडं एका सोनकांबळेने स्वतःच्या हाताने कमावलेलं होतं. अडचण तेवढीच होती. ती त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळत होती आणि एकानेही ती उच्चारली नाही, इतके आम्ही सुसंस्कृत.

त्या वर्षी गणपतीला मुंबईहून येणाऱ्या ढोलपथकाचे व्हिसे झाले नाहीत. मूर्ती फाटकातून हॉलपर्यंत न्यायची, आणि वाजवायला कोणी नाही. अध्यक्षांना एकदम आठवलं, "अरे, तो तुझा एसीवाला आहे ना?" मी गेलो. उत्तमराव म्हणाले, "हॉलमध्ये बसून वाजवतो, दोन तास वाजवतो. दारात नको, साहेब. तुम्हाला सांगितलंय मी." आणि मी, ज्याला ती शपथ ठाऊक होती, त्यांना समजावायला बसलो. म्हटलं, ते दिवस गेले. म्हटलं, आपण परदेशात आहोत, इथे कोण कुणाची जात बघतं? म्हटलं, हा तर मान आहे, देवापुढे चालायचं. शेवटी जे त्यांना हवं होतं तेच पुढे केलं : एवढं करा, पुढच्या महिन्यापासून शुक्रवारची खोली तुमची, माझा शब्द. ते बराच वेळ बोटांनी कातडं चाचपत राहिले. मग म्हणाले, "एक माणूस तरी शिकंल ना?" मी म्हटलं, "शंभर टक्के."

ते वाजवत आले. तसा सूर त्या आवारात त्यापूर्वी कधी वाजला नव्हता. बायका थांबून ऐकत होत्या, मूर्ती उचललेली माणसं पावलं हळू टाकत होती. हॉलच्या दाराशी मूर्ती आत गेली, तिच्यामागे सगळे आत गेले आणि दार ओढून घेतलं गेलं, एसी वाया जातो म्हणून. अर्ध्या तासाने मला आठवण झाली. बाहेर गेलो तर उत्तमराव दाराशेजारी उभे होते, काखेत जिरबा, हातात थर्माकोलची थाळी. कुणी तरी त्यांना बाहेरच वाढून दिलं होतं. आत पंगत केळीच्या पानांवर बसली होती. मी म्हटलं, "अहो, आत या ना." "राहू द्या," ते म्हणाले. "जेवलो मी." थाळीतला मोदक तसाच होता. आजोबांनी आडात टाकलेलं मी त्या दिवशी पुन्हा वर काढलं आणि नातवाच्या हातात दिलं. वाढणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. खरंच नव्हतं. आमच्या हातांना ते न शिकवता येतं, विचार करावाच लागत नाही.

शुक्रवारची खोली त्यांना मिळाली नाही. आधी वार्षिक स्नेहसंमेलनाच्या तालमी होत्या, मग रंगकाम, मग झुंबा. मी समितीत कधी जोर लावला नाही, जोर लावणाऱ्याला पुढे अध्यक्ष करत नाहीत. उत्तमरावांनी दोनदा फोन करून विचारलं, तिसऱ्यांदा मीच म्हणालो, "बघू, इंशाल्ला." ते हळूच म्हणाले, "हाजी इंशाल्ला म्हणायचा तेव्हा काम व्हायचं, साहेब." त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. मी पुढे अध्यक्ष झालोही नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी सनाबिसच्या खोलीवर गेलो. देह गावी पाठवून झाला होता. खोलीतला जोडीदार रमेश म्हणाला, "ते बकऱ्याचं तेवढं घेऊन जा, साहेब. पलंगावर नवा माणूस येतोय." मी विचारलं, घरच्यांना नको का? "वहिनींना विचारलं फोनवर. म्हणाल्या, ज्यांनी दारात उभं केलं त्यांनाच द्या." रमेशने ते सरळपणे सांगितलं, निरोप द्यावा तसं.

परवा अध्यक्षांचा फोन आला. हॉलमध्ये काचेचं कपाट करून त्यात जिरबा ठेवायचा आहे, खाली पितळी पाटी, वर छोटा दिवा. आता वास येणार नाही, माझ्या घरी पडून कातडं वाळून लाकडासारखं झालंय. श्वास आत जात राहिला तरच ते मऊ राहतं, हे उत्तमरावांनी मला सांगितलं होतं. मी नाही म्हणालो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेल लावून दोन दिवस चोळलं, थोडं सैल झालं. फुंकलं तर नुसती हवा. बोरूची जीभ चिरलेली होती. नवी कापावी लागणार, आणि ती कशी कापायची हे दाखवायला आता या बेटावर कुणी नाही.

मग आठवलं, की माझ्याकडे त्याचा व्हिडिओ आहे. समितीला दाखवायला म्हणून एका शुक्रवारी अध्यक्षांना घेऊन मी उत्तमरावांच्या खोलीवर गेलो होतो, आणि उत्तमरावांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक जीभ कापून दाखवली होती. जुन्या फोनमध्ये तो सापडला. अकरा मिनिटांचा आहे. पहिलं मिनिट नीट आहे : पलंगावर वर्तमानपत्र, बोरूचा तुकडा, पातं, त्यांचा अंगठा. ते सांगतात, "आता बघा, इथून कापायचं, पण किती ते..." आणि त्यावर माझा आवाज येतो. मी अध्यक्षांशी बोलतोय. बॅनरवर कुणाचं नाव वर घ्यायचं, जेवणात मसालेभात की पुलाव. मागे उत्तमराव काहीतरी समजावत राहतात, शब्द लागत नाहीत. माझा हात खाली झुकत गेलाय. चित्रात फरशी दिसते, मग माझे बूट, पुष्कळ वेळ माझे बूट. शेवटी पातं खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि एक बारीक, स्वच्छ सूर. मग ते विचारतात, "आलं ना सगळं, साहेब? दिसलं ना?"

"हो हो," मी म्हणतो. "सगळं आलं."